वर्षअखेरचं परिपत्रक चार पानांचं, तरी पालकांचे फोन थांबत नाहीत. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका माध्यमिक शाळेचं कार्यालय सांभाळता. मोठ्या सुट्टीच्या आधी दरवर्षी पालकांना चार पानी परिपत्रक पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवता. मुख्याध्यापकांचं मनोगत, वर्षभराच्या बातम्या, निकाल, पुस्तकं, सुट्टी, पुढचं वर्ष, सगळं त्यात असतं. तरी शेवटच्या आठवड्यात फोन खणखणत राहतो, आणि विचारलेल्या बऱ्याच गोष्टी परिपत्रकात असतातच. तेव्हा भाषा सोपी करावी, की खाली पोचपावती जोडून पालकांची सही घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

सहीचं पुढे सांगते. भाषेला हात घालावा लागेलच, पण आधी वेगळं काहीतरी. ‘पालक वाचत नाहीत’ हा निष्कर्ष घाईचा वाटतो. चार पानांतल्या पाच-सहा ओळीच एखाद्या घराला लागू असतात. त्या कुठे आहेत हे फोनच्या पडद्यावर, कामावरून घरी जाताना शोधायचं असतं. त्यापेक्षा शाळेला फोन लावणं सोपं पडतं. परिपत्रक आपण शाळेच्या विभागांच्या क्रमाने लिहितो: मुख्याध्यापक, परीक्षा, ग्रंथालय, क्रीडा, कार्यालय. घरच्या माणसाला विभागांशी देणंघेणं नसतं. मला काय करायचंय, कधीपर्यंत, आणि नाही जमलं तर काय, एवढंच त्याला हवं असतं.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, नोंदीचं. फोनशेजारी एक आखलेला कागद ठेवा. तीन रकाने: प्रश्न काय, कुठल्या इयत्तेचे पालक, आणि उत्तर परिपत्रकात होतं का. तिसऱ्या रकान्यात ‘होतं’, ‘नव्हतं’ किंवा ‘होतं पण मोघम’ यांपैकी एक लिहायचं. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. ‘होतं’ जास्त असेल तर मांडणी आणि माध्यम बदलायला हवं. ‘नव्हतं’ जास्त असेल तर मजकूर अपुरा आहे. ‘मोघम’ जास्त असेल तर भाषेचा प्रश्न. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि सगळ्यावर ‘सोपी भाषा’ हे एकच औषध लागू पडत नाही.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. दीडशे मुलांची शाळा असेल तर वर्गशिक्षकांनी वर्गात सांगून, वहीत लिहून देऊन बरंच भागतं. खालचा सगळा व्याप तिथे जड होईल. निकालाची तारीख शाळेच्या हातात आहे की परीक्षा मंडळाच्या, मुलांना टॅब्लेट दिलेत का, बस आहे का, घरी कोणती भाषा वाचली जाते, यांवरही तपशील बदलतील. पण एक गोष्ट कुठल्याही शाळेत पाळा: बातम्या आणि सूचना एका पत्रात घालू नका. बातमीला मुदत नसते, सूचनेला असते. दोन्ही एकत्र आल्या की क्रीडास्पर्धेच्या ढाली आणि स्नेहसंमेलनाचं वर्णन वर येतं, आणि ‘औषधं घेऊन जा’ ही ओळ तिसऱ्या पानावर जाते. बातम्या सुट्टी लागल्यावर आठवड्याने पाठवा. तेव्हा घरात निवांतपणा असतो, आपल्या मुलाचं नाव शोधत लोक शेवटपर्यंत वाचतात.

सूचनांचे मी तीन हप्ते करते, आणि सुट्टीच्या शेवटी चौथा.

पहिला हप्ता सुट्टीच्या चार आठवडे आधी. यात फक्त ज्यांना वेळ लागतो अशा गोष्टी: कागदपत्रं, अर्ज, येणी, औषधं, नोंदींची पडताळणी. दुसरा साधारण दोन आठवडे आधी. यात घरी शोधून परत करायच्या वस्तू आणि शेवटच्या आठवड्याचं वेळापत्रक. तिसरा शेवटच्या दोन दिवसांत, अगदी छोटा: शाळा किती वाजता सुटेल, काय आणायचं, काय घरी न्यायचं. चौथा शाळा उघडण्याच्या चार-पाच दिवस आधी: पहिला दिवस, वेळ, कुठल्या फाटकातून आत यायचं, तुकड्यांच्या याद्या कुठे लावल्या आहेत, पहिला दिवस पूर्ण की अर्धा. ही चौथी माहिती सुट्टीआधीच्या पत्रात घालण्याचा मोह होतो. तारीख तेव्हा जरूर द्या, पण तपशील तोपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही आणि ते बदलतातही.

मुदती ठरवताना शेवटच्या दिवसापासून मागे मोजत या. ग्रंथालयाचंच घ्या. समजा शाळेचा शेवटचा दिवस शुक्रवार २५. ग्रंथपालांना पुस्तकं मोजायला आणि येणं असलेल्यांची यादी काढायला सोमवार ते गुरुवार लागतात. म्हणजे पुस्तकं परत करायची शेवटची तारीख शुक्रवार १८. पुस्तक १४ दिवसांसाठी देत असाल, तर शेवटचं पुस्तक शुक्रवार ४ लाच द्यायचं. हा शेवटचा हिशेब बहुतेक ठिकाणी राहून जातो. मग १० तारखेला नेलेल्या पुस्तकावर २४ चा शिक्का असतो, परिपत्रक म्हणतं १८, आणि मूल बिनचूक शिक्का दाखवतं. दोष त्याचा नाही.

पुस्तकांसाठी सरसकट आवाहनाचा उपयोग कमी. ज्याच्याकडे पुस्तक राहिलंय त्याला ते दिल्यासारखंच वाटत असतं, त्यामुळे सूचना आपल्यासाठी आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. पुस्तकाचं नाव आणि दाखल क्रमांक लिहून त्या घरी वेगळी चिठ्ठी गेली, की कपाट उघडलं जातं. सरसकट सूचना करायचीच असेल तर तिचं रूप पाहा. नेहमीचा मसुदा असा असतो:

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, ज्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील पुस्तके अद्याप जमा केलेली नाहीत त्यांनी ती विहित मुदतीत जमा करावीत, अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

विहित मुदत कोणती? जमा कुणाकडे? योग्य कार्यवाही म्हणजे काय? एका वाक्यातून तीन फोन. त्याऐवजी:

‘ग्रंथालयाचं पुस्तक घरी असेल तर शुक्रवार, १८ तारखेपर्यंत मधल्या सुट्टीत ग्रंथालयात द्या. सापडत नसेल तर त्याच तारखेपर्यंत ग्रंथपालांना तसं सांगा. शोधायला शाळा उघडल्यावर पहिला आठवडा मिळेल.’

यातलं दुसरं वाक्य जास्त मोलाचं आहे. पुस्तक हरवलेलं घर पहिल्या वाक्यावर गप्प बसतं, दुसऱ्यावर बोलतं. प्रत्येक सूचनेत कुणी, काय, कधीपर्यंत, कुठे हे असावंच. पण ‘नाही जमलं तर’ ही ओळ विसरू नका. फोन बहुधा तिच्यासाठीच येतात. निकालाच्या दिवशी पालक येऊ शकले नाहीत तर कोण नेऊ शकतं, कुणाचं पत्र लागेल. फेरपडताळणीचा अर्ज कधीपर्यंत. एखाद्या विषयात राहिलं तर पुढे काय. निकालाची तारीख अजून आली नसेल तर सरळ लिहा: ‘तारीख आलेली नाही. आली की त्याच दिवशी कळवू.’ अंदाज लिहू नका. ‘साधारण’ हा शब्द पुढे ढकललेल्या निरोपात गळून पडतो आणि अंदाजच जाहीर तारीख होऊन फिरतो.

आता पहिल्या हप्त्यातल्या, दुर्लक्ष झालं तर महागात पडणाऱ्या गोष्टी.

शाळा सोडून जाणाऱ्या मुलांच्या नोंदी. नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख हे दाखल्यावर जसं छापलं जाणार आहे तसंच्या तसं एका कागदावर काढून घरी पाठवा. ‘बरोबर आहे’ म्हणून सही करा किंवा दुरुस्ती लिहून पुरावा जोडा, असे दोनच पर्याय द्या. चुका ठरलेल्या जागी होतात: आडनाव आधी की नंतर, रोमन लिपीतलं स्पेलिंग ओळखपत्राशी न जुळणं, आणि जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल. ०३/०४ हे ३ एप्रिलही होतं आणि ४ मार्चही, म्हणून महिना अक्षरांत छापा. दाखला मिळाल्यावरची दुरुस्ती घरच्यांना फार हेलपाटे घालायला लावते. आधीची दुरुस्ती म्हणजे पेनाची एक रेघ. दाखल्याचा अर्ज कुठे, किती दिवसांत मिळेल, कोण नेऊ शकेल आणि सुट्टीत कार्यालय कुठल्या वारी, किती ते किती उघडं, हेही इथेच लिहा.

कार्यालयात ठेवलेली औषधं. दम्याचा पंप, अॅलर्जीचं इंजेक्शन, फिटवरचं औषध. ती सुट्टीभर बंद खोलीच्या उष्णतेत ठेवायची नसतात, आणि मुलाच्या दप्तरातूनही परत पाठवायची नाहीत. मोठ्या माणसाने येऊन, नोंदवहीत सही करून न्यायची. ही सूचना सरसकट पाठवू नका, ज्यांची औषधं आहेत त्या घरांनाच पाठवा आणि औषधाचं नाव व मुदत लिहा. पुढच्या वर्षी नवीन संमतिपत्र लागेल आणि शक्यतो वर्ष संपेपर्यंत मुदत असलेलं औषध आणा, हेही त्यातच. कुणी नेलीच नाहीत तर कचऱ्यात टाकू नका. विल्हेवाटीसाठी औषध दुकानदाराला विचारा.

शाळेची उपकरणं आणि खाती. टॅब्लेट किंवा लॅपटॉप परत घेताना चार्जर, कव्हर आणि उपकरणावरचा क्रमांक एवढं तपासतात. एक गोष्ट राहते: मुलाने त्यावर स्वतःचं खातं जोडलेलं असतं. ते काढल्याशिवाय उपकरण पुसून कोरं केलं, तर चालू करताना ते जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतं, आणि तोवर ते मूल शाळा सोडून गेलेलं असतं. त्यामुळे ‘खातं काढून मगच जमा करा’ ही ओळ हवी, आणि घेणाऱ्याने मुलासमोरच ते तपासायला हवं. सोडून जाणाऱ्यांचा शाळेचा ईमेल कधी बंद होणार ती तारीख द्या, आणि दोन कामं क्रमाने सांगा: आधी ज्या संकेतस्थळांवर तो ईमेल देऊन नोंदणी केलीय तिथे नवा ईमेल द्या, मग आपल्या फाइली उतरवून घ्या. क्रम उलटा झाला आणि मधेच खातं बंद पडलं, तर पासवर्ड बदलण्याचा दुवा बंद झालेल्या ईमेलवरच येत राहतो.

येणी नेहमी त्या घराला स्वतंत्र कळवा: कशाचे, किती, कसे भरायचे, हप्ते हवे असतील तर कुणाशी बोलायचं. नावांची यादी गटावर किंवा फलकावर लावणं सरळ चूक आहे. त्यात मूल भरडलं जातं.

हरवलेल्या वस्तूंसाठी परिपत्रकातली ओळ जवळजवळ वाया जाते. सगळं टेबलावर मांडा, फाटकाजवळ ठेवा, एक फोटो काढून पाठवा आणि शेवटची तारीख सांगा, त्यानंतर वस्तूंचं काय होणार तेही. डबे-बाटल्या आधीच वेगळ्या करा. चष्मे, किल्ल्या, गणकयंत्रं, घड्याळं मात्र फोटोत घेऊ नका. ती कार्यालयात ठेवा आणि वर्णन जुळलं तरच द्या.

तारखांबद्दल थोडं बारकाईने. ‘येत्या शुक्रवारी’ लिहू नका. निरोप तीन दिवसांनी पुढे ढकलला गेला की तो शुक्रवार बदलतो. वार आणि तारीख दोन्ही द्या, आणि ते जुळतात का हे लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी दिनदर्शिका समोर ठेवून तपासावं. न जुळणारी जोडी ही तारीखच न देण्यापेक्षा वाईट. सर्वात जास्त घोळ पुढच्या वर्षाच्या तारखांत होतो, कारण गेल्या वर्षीचा मसुदा उघडून फक्त साल बदललं जातं. तीच तारीख पुढच्या वर्षी एका वाराने पुढे सरकते, आणि मधे २९ फेब्रुवारी आला तर दोन वारांनी. ‘अर्धा दिवस शाळा’ हेही टाळा. ‘१२:३० ला सुटेल, बस १२:४५ ला निघेल’ असं लिहा. अर्ध्या दिवसाचा अर्थ प्रत्येक घरी वेगळा लागतो आणि एखादं मूल फाटकाशी ताटकळत राहतं.

आता माध्यम. तुमची पीडीएफ ए४ आकाराची, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद. फोनचा पडदा साधारण ७० मिलिमीटर. पान पडद्यात बसवलं की अक्षर एक तृतीयांश होतं. १२ पॉइंटचं ४ पॉइंट. मग बोटांनी मोठं करून, डावीउजवीकडे सरकवत वाचावं लागतं. चार पानं असं कोण वाचेल? सूचना सरळ निरोपातच मजकूर म्हणून लिहा. पीडीएफ ज्यांना छापून भिंतीवर लावायची आहे त्यांच्यासाठी जोडा. मजकूर असला की ‘ग्रंथालय’ शब्द शोधून पालकांना तो निरोप परत सापडतो. सूचनेच्या फोटोत तो सापडत नाही. आणि टंकलेखन युनिकोडमध्येच हवं, म्हणजे कुठल्याही फोनवर अक्षरं तशीच दिसणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर निरोपात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो, मग नाइलाजाने पुन्हा पीडीएफ किंवा फोटो, हे चक्र बऱ्याच कार्यालयांत चालू असतं. दृष्टिहीन पालकांचं वाचून दाखवणारं ॲप किंवा दुसऱ्या भाषेत भाषांतर करणारं ॲपही युनिकोड नसेल तर अडतं.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून (गट न करता एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) पाठवत असाल तर ज्यांनी शाळेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप जातो. ‘आम्हाला मिळालंच नाही’ म्हणणारे काही पालक खरंच बोलत असतात. गट असेल तर सूचनांच्या गटावर फक्त प्रशासकच लिहू शकतील अशी सोय चालू करा, नाहीतर पन्नास ‘धन्यवाद सर’खाली तारीख पुरली जाते. चूक झाली तर १५ मिनिटांत निरोप जागच्या जागी दुरुस्त करता येतो. त्यानंतर ‘वरील तारीख १८ ऐवजी १९ वाचावी’ असा तुकडा पाठवू नका. तो एकटा पुढे जातो आणि कशाची तारीख हे कुणालाच कळत नाही. पूर्ण सूचना पुन्हा पाठवा, वर ‘सुधारित’ लिहा आणि काय बदललं ते पहिल्या ओळीत सांगा.

तिसऱ्या हप्त्याला एसएमएस उत्तम, कारण त्याला इंटरनेट लागत नाही. पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच बसतात (नुसत्या इंग्रजी अक्षरांत १६०). ७० च्या पुढे गेलात की त्याचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा एसएमएस म्हणून मोजला जातो. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार, मोकळी जागा, सगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थी’ हा एक शब्द १० चिन्हं खातो, ‘मुलं’ फक्त ४. त्यामुळे ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते’ इथेच अर्धा एसएमएस संपतो. हे बघा:

‘शुक्र. २५: शाळा १२:३० ला सुटेल. बस १२:४५. डबा नको.’

एवढं ५० चिन्हांत होतं, वीस उरतात. शाळेचं नाव आखूड करून त्यात घाला.

ज्या घरात वाचण्याची अडचण आहे तिथे वर्गशिक्षकांच्या आवाजातला पाऊण मिनिटाचा निरोप कुठल्याही पत्रापेक्षा जास्त काम करतो. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांनाही सूचना जाते ना, हे यादीत एकदा तपासा. मूल ज्याच्याकडे असतं त्यालाच निरोप मिळेल असं गृहीत धरू नका.

पोचपावतीबद्दल: सही कागद पोचला एवढंच सांगते, समजला का ते नाही. शिवाय वर्षातल्या सगळ्यात धावपळीच्या आठवड्यात शिक्षक चिठोऱ्या गोळा करत बसतात, आणि काही सह्या मुलंच करतात. जिथे संमती लागते तिथे सही घ्या: सहल, फोटो, औषध, उपकरण, नोंदींची पडताळणी. बाकी ठिकाणी नको.

बातम्यांच्या पत्राबद्दल दोनच गोष्टी. शिक्षक सोडून जात असतील तर ते पत्र येईपर्यंत थांबू नका. मुलांना कळण्याच्याच दिवशी पालकांना कळवा, कारणं न लिहिता. आणि फोटोला संमती असली तरी फोटो, पूर्ण नाव आणि इयत्ता एकत्र छापू नका.

तुमच्या प्रश्नावरून सुट्टीला दोन आठवडेच उरलेत असं दिसतं. म्हणजे पहिल्या हप्त्याची वेळ गेली. यंदा इतकं करा: उद्याच औषधं, येणी आणि दाखल्याची पडताळणी यांचे निरोप फक्त संबंधित घरांना पाठवा. दोन दिवसांत दुसरा हप्ता, पीडीएफशिवाय, आठ-दहा ओळींत. पाठवण्याआधी शाळेशी संबंध नसलेल्या एकाला तो फोनवर दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: पुस्तक कधीपर्यंत द्यायचं, शेवटच्या दिवशी मूल किती वाजता सुटेल, निकाल घ्यायला मला जमलं नाही तर काय? जिथे तो अडखळेल ती ओळ पुन्हा लिहा. मनोगत आणि ढालींचे फोटो सुट्टी लागल्यावर. आणि फोनशेजारचा कागद आजच ठेवा, पुढच्या वर्षीचा पहिला हप्ता त्यावरूनच लिहायचाय.